तुरुंगात एक माणूस जास्त

लंडनजवळच्या आमच्या स्लाऊच्या मराठी मंडळात माझी ओळख करून देताना लोक म्हणायचे, "हे गुप्ते. हे कैद्यांना सोडतात." त्यावर समोरच्याचा हात नकळत स्वतःच्या पाकिटाकडे जायचा. एकदा हळदीकुंकवाहून बायकोला आणायला गेलो, तर एका मावशींनी मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "भाऊ, कुणाला आत ठेवायचं असेल तर तेही तुम्हीच बघता का?" जावयाबद्दल होतं. मी म्हटलं, "नाही हो, ते खातं वेगळं."

तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी आयुष्यात एकाही कैद्याला सोडलं नाही. सोडणारे वेगळे असत. मी त्यांची ट्रेनची तिकिटं काढायचो, त्यांच्यासाठी कागद जुळवायचो आणि त्यांच्यापुढे पाण्याचा जग ठेवायचो. माझी बायको नलिनी डॉक्टर म्हणून या देशात आली आणि मी तिच्याबरोबर आलेलं सामान. सामानालाही काहीतरी काम हवं म्हणून सरकारी परीक्षा दिली आणि लंडनमध्ये पॅरोलच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. ऐंशीचं दशक तिथे काढलं, नव्वदीचंही बरंचसं. माझ्यामुळे देशाचं फारसं नुकसान झालं नाही. जे झालं ते पुढे सांगतोच.

आपल्याकडे पॅरोल म्हणजे बहिणीच्या लग्नाला चार दिवस सुट्टी. इथे तसं नाही. इथे पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा बाहेर राहून, देखरेखीखाली काढायची. जन्मठेपवाल्याला तर ती देखरेख जन्मभर. गडबड केली की परत आत. बोर्डाने ठरवायचं एवढंच, की हा माणूस आता लोकांत सोडण्याइतका निर्धोक झाला आहे की नाही. त्याने केलं ते क्षमेच्या लायक होतं का, हा प्रश्नच नव्हता. माफी ही राणीची. तो कारभार गृहखात्यात दुसरीकडे चालायचा, पण लोकांना काय त्याचं! दयेचे अर्ज आमच्याच दारात येऊन पडायचे. एडिनबराहून यायचे, त्यांना कळवावं लागे की स्कॉटलंडचं सगळं निराळं आहे, आणि त्यावर तिकडून उत्तर यायचं की ते आम्हाला तीनशे वर्षं माहीत आहे. एक टाय-कोटातले म्हातारे गृहस्थ दर वसंतात स्वतः यायचे. त्यांना पार्किंगच्या दंडाबद्दल राणीची माफी हवी होती. दंड त्यांनी केव्हाच भरला होता. "पैशांचं नाही हो," ते म्हणायचे, "तिला कळलं पाहिजे की मी तसा माणूस नाही." मी त्यांना चहा द्यायचो. आमच्या खात्यातून मिळण्यासारखी दया तेवढीच होती.

ऐंशीच्या दशकात सगळं कागदावर चालायचं. कैदी एका टोकाला, बोर्ड दुसऱ्या टोकाला, आणि मधे फाईल. जज्ज, मनोविकारतज्ज्ञ, सुटलेल्यांवर देखरेख ठेवणारे प्रोबेशनवाले आणि एखाद-दुसरा सर्वसाधारण शहाणा नागरिक अशी मंडळी लंडनमध्ये टेबलाभोवती बसायची, आणि ज्याचं भवितव्य ठरतंय तो तिकडे कोठडीत. उत्तर जायचं 'हो' किंवा 'नाही'. का नाही, हे लिहायचं नसे. मी असे किती 'नाही' पोस्टात टाकले असतील! तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. पद्धत होती. आज वाटतं.

या फाईलींच्या प्रती काढून मेंबरांच्या घरी धाडायच्या, हे माझं काम. नवीन फोटोकॉपी मशीन आलं तेव्हा त्याच्या बटणांवर माझा फार विश्वास बसला. दोन दिवसांनी एका जज्जसाहेबांचा फोन.

"मिस्टर गप्टी, या माणसाने फक्त सम पानांवर गुन्हे केले आहेत का?"

मी विचारलं, "सम पानं मिळाली नाहीत का सर?"

"नाही. पण विषम पानांवर तो फारच चांगला माणूस दिसतो."

मग नव्वदीच्या सुरुवातीला कायदा बदलला. काही प्रकारच्या जन्मठेपवाल्यांना, ज्यांची कोर्टाने ठरवलेली कमीत कमी मुदत भरली आहे त्यांना, बोर्डासमोर प्रत्यक्ष बसून बोलायचा हक्क मिळाला. तिघांचं पॅनेल: अध्यक्ष जज्ज, एक मनोविकारतज्ज्ञ, एक तिसरा. आता बोर्डच तुरुंगात जाणार, आणि त्याच्याबरोबर सेक्रेटरी म्हणून मी. सेक्रेटरी म्हणजे काय, तर फाटकावर सगळ्यांची नावं आधी कळवणारा, खोली मिळवणारा, टेबलं सरकवणारा. तुरुंगाला बोर्डासाठी खोली कुठली असणार? कधी चॅपल, कधी भेटीचा हॉल, कधी शाळेचा वर्ग. एकदा तर जन्मठेपेच्या माणसाचं भविष्य आम्ही 'मुळाक्षरं शिकू या'च्या तक्त्याखाली बसून ठरवलं.

आता केनची गोष्ट.

केन तरुणपणी एका गोदामात कामाला होता. चोरीचा आळ आला, नोकरी गेली. आळ खोटा होता, हे पुढे सिद्धही झालं. पण तोवर केनने रागाच्या भरात गोदामाला आग लावली होती. आत कोणी नाही अशी त्याची समजूत. आत रात्रपाळीचा पहारेकरी होता. तो मेला. पुढे केनच्या सुनावणीत अध्यक्ष जज्जसाहेबांनी आधी त्या पहारेकऱ्याचं नाव घेतलं, मगच ते केनकडे वळले. पांढऱ्या भुवयांचे, कडक, पण न्यायाला पक्के.

केनला आत वीसहून जास्त वर्षं झाली होती. फाईलमधे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा: या माणसावर पुन्हा कुणी अन्याय केला तर हा काय करेल?

या प्रश्नाचा अभ्यास करायची संधी त्याला मीच मिळवून दिली. त्याची पहिली सुनावणी ठरली तेव्हा त्याला उत्तरेतल्या तुरुंगातून ब्रिस्टलच्या पलीकडे हलवल्याचा कागद माझ्या टेबलावर आला होता. मी तो नीट वाचला, नीट ठेवला, आणि पॅनेलला उत्तरेतल्या तुरुंगात घेऊन गेलो. तिकडे तिघे विद्वान पाण्याच्या जगाभोवती बसून कैद्याची वाट बघताहेत, आणि इकडे केन टाय बांधून आमची. दुसरी तारीख जज्जसाहेबांच्या आजारपणात गेली. दर वेळी नवी तारीख मिळायला महिने लागायचे. तिसऱ्या तारखेला फाटकावरच केनची वकील भेटली, मिस पॉवेल नावाची चुणचुणीत मुलगी.

"मिस्टर गप्टी, आज काहीही झालं तरी आजच संपवा," ती म्हणाली. "आज नाही झालं तर केन पुन्हा बोर्डासमोर बसणार नाही. अर्जच मागे घेणार आहे. म्हणतो, चौथ्यांदा टाय बांधायची ताकद नाही माझ्यात."

"आज काय होणार आहे?" मी म्हटलं. "आज मी सगळं तीनदा तपासलंय."

खरंच तपासलं होतं. तपासला नव्हता तो माझा शर्ट.

स्लाऊच्या बाजारातून मी नुकताच स्वस्तात एक शर्ट घेतला होता. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. नलिनी म्हणाली होती, "अहो, हा कुठेतरी पाहिलाय." मीही पाहिला होता, आठवड्यातून दोनदा, शेकडो माणसांच्या अंगावर. त्या काळी इथल्या तुरुंगांत कैद्यांना तसलेच शर्ट देत. पण वर जॅकेट असलं की कोण बघतंय?

सकाळचं सत्र चांगलं गेलं. प्रोबेशनवाल्याची साक्ष झाली, तुरुंगाच्या मानसशास्त्रज्ञाची झाली. आधीच्या दोन तारखा का हुकल्या हे अध्यक्षांनी केनला माझ्यासमोर वाचून दाखवलं आणि बोर्डाच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली. केनने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पाण्याच्या जगाकडे पाहिलं. दुपारी फक्त केन आणि त्याची थोरली बहीण डोरीन यांचं ऐकायचं उरलं होतं. तुरुंगातली दुपार मात्र आखूड असते. चारच्या सुमाराला कैद्यांना चहा-जेवण देऊन परत बंद करतात. त्याआधी आवरायचं.

जेवायच्या सुट्टीत पॅनेल गव्हर्नरच्या, म्हणजे तुरुंगाच्या मुख्य साहेबाच्या, ऑफिसात सँडविच खायला गेलं. माझ्याजवळ नलिनीने दिलेला डबा. जॅकेट सकाळच्या पावसाने भिजलेलं, ते आमची सुनावणी चालली होती त्या तुरुंगाच्या शाळेतल्या वर्गात हीटरवर वाळत टाकलं. पास त्याच्या खिशाला. समोरच्या वर्गात ऊब होती, दार उघडं होतं, म्हणून तिथे जाऊन बसलो. दोन कैदी फळा पुसत होते. एक व्हिन्स, ब्रिस्टलचाच, त्याचे आईवडील जमैकाचे. दुसरा आपला फळाच पुसत राहिला. डबा उघडल्यावर व्हिन्सने नाक वर केलं.

"ते काय?"

"मेथीची भाजी."

"वास तर छान आहे. इथल्या किचनमधे मिळाली का?"

"छे, बायकोने दिली."

व्हिन्स कौतुकाने बघत राहिला. आता लक्षात येतं, त्याला वाटलं होतं मी नवीन कैदी आहे आणि बायको रोज आत डबा पाठवते.

तेवढ्यात एक तरुण ऑफिसर दारात आला. बोटाने हवेत तीन टोचे मारले, "थ्री" म्हणाला, आणि दार ओढून कुलूप लावून गेला.

दुपारी सगळ्या तुरुंगाची मोजणी होते हे मला माहीत होतं. वर्षानुवर्षं माहीत होतं. माणसाला आपलं ज्ञान स्वतःवर लागू करायला वेळ लागतो. मी घास चावत म्हटलं, "हा आपल्याला कोंडून गेला की!"

"रोजच कोंडतो," व्हिन्स म्हणाला. "तू कुठल्या विंगचा?"

"मी पॅरोल बोर्डाचा आहे."

व्हिन्स इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं. "अरे मेट, तुला मोजलं त्याने!"

मोजणीत माणूस कमी भरला तर काय करायचं हे तुरुंगाला पाठ असतं. भोंगे, कुत्री, पोलीस. जास्त भरला तर काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आकडा जुळेपर्यंत आतलं कुणीही हलत नाही, एवढाच नियम. कैदी हलायचे नाहीत, जेवण हलायचं नाही, गव्हर्नरच्या ऑफिसातलं पॅनेल हलायचं नाही, फाटकापाशी बसलेली डोरीन हलायची नाही. आणि दुपार काही थांबायची नाही. मी उठून दार बडवायला लागलो.

दाराच्या काचेत तोच तरुण चेहरा आला. "काय आहे?"

"मी बोर्डाचा सेक्रेटरी आहे! मला बाहेर सोडा!"

"हो का? आणि मी आर्चबिशप. बस खाली."

"माझा पास जॅकेटमधे आहे!"

"जॅकेट कुठे आहे?"

"हीटरवर!"

तो गेला. मागून व्हिन्स म्हणाला, "'हीटरवर' असं सांगायचं नाही कधी. पटत नाही."

थोड्या वेळाने फेरमोजणी आली. या वेळी नाव आणि नंबर दोन्ही विचारत होते. प्रत्येक कैद्याला नंबर असतो. व्हिन्सने सांगितला, दुसऱ्याने सांगितला. ऑफिसर माझ्याकडे वळला आणि खेकसला, "नंबर!"

वाचकहो, सरकारी कारकुनाला कुणी खेकसून नंबर विचारला तर तो देतोच. दोन वर्षं मी एकच नंबर टाईप करत होतो, पाकिटांवर, फाईलींवर, माफीच्या पत्रांवर. तो तोंडातून सरळ बाहेर पडला. केनचा.

ऑफिसरने हातातल्या कागदावर पाहिलं, मग मला पाहिलं, मग पुन्हा कागद. केन तर दोन दारं पलीकडे बंद होता. आतापर्यंत तुरुंगात एक माणूस जास्त होता. आता एकाच कैद्याचे दोन झाले, आणि त्यातला एक सकाळी बोर्डासमोर बसून आला होता. तो नेमका कुठला, असा प्रश्न निर्माण झाला.

"मेट," व्हिन्स अगदी गंभीरपणे म्हणाला, "तू आता बोलू नकोस."

मी पोळीचा तुकडा हातात धरून बाकावर बसलो. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं: जज्जसाहेब घड्याळ बघताहेत, तहकुबीचा हुकूम लिहिताहेत, आणि केन टाय सोडतोय. एकदा उत्तरेला जाऊन त्याचा दिवस घालवला, आता पलीकडच्या खोलीत बसून घालवतोय.

शेवटी एक मोठा ऑफिसर आला. पिकल्या मिशांचा. त्याच्याबरोबर केन. ओळख परेड! सहसा साक्षीदार बाहेरचा असतो आणि आरोपी आतला. इथे उलट होतं.

"केन," मिशीवाला म्हणाला, "हा तू असल्याचं सांगतोय. कोण हा?"

केनने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पट्ट्यांचा शर्ट, हातात पोळीचा तुकडा. माझा जीव त्याच्या जिभेवर टांगलेला. तो काही क्षण गप्प राहिला. मला ते फार लांब वाटले.

"हा बोर्डाचा माणूस आहे, बॉस," तो म्हणाला. "मागे माझी सुनावणी भलत्याच तुरुंगात घेऊन गेला होता, तो."

मिशीवाल्याचा चेहरा उजळला. "अच्छा, तो होय!" माझी कीर्तीच माझा पास बनून माझ्याआधी पोचली होती.

आकडा जुळला. दारं उघडली. बराच वेळ गेला होता, पण दुपार शिल्लक होती. पॅनेल परत येऊन बसलं. जॅकेट वाळलं होतं. ते घालून मी पाण्याचा जग भरला. अध्यक्षांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "मिस्टर गप्टी हजर आहेत, याची नोंद व्हावी."

मनोविकारतज्ज्ञ बाईंनी केनला पहिलाच प्रश्न विचारला. त्या मृदू आवाजात सुई टोचणाऱ्या बाई होत्या.

"या गृहस्थांमुळे तुमचं जवळजवळ वर्ष वाया गेलं. आज त्यांनी पुन्हा घोळ घातला. तुम्हाला त्यांची ओळख विचारली तेव्हा तुम्ही थांबलात, असं कळलं. का?"

मिस पॉवेलने पेन खाली ठेवलं. वीस वर्षांचा प्रश्न तो हाच होता.

केन म्हणाला, "विचार आला होता, मॅडम. म्हटलं, याला ओळखतच नाही म्हणावं. बसू दे थोडा."

"मग?"

"मग वाटलं, याला बसवलं तर मलाही बसावं लागेल. शिवाय सगळ्या विंगचं जेवण थंड होत होतं." त्याने माझ्याकडे बोट केलं. "आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता, मॅडम. आत आल्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांचा तसाच असतो."

जज्जसाहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. मग डोरीन आली. ठेंगणी, गुबगुबीत, सत्तरीकडे झुकलेली, मांडीवर भली मोठी पर्स. तिने सांगितलं की ब्रिस्टलला तिची जागा आहे, मधली खोली रिकामी केली आहे, आणि भावाला स्वयंपाक येत नाही पण शिकवता येईल.

सुनावणी संपली की सगळे बाहेर जातात आणि पॅनेल तिथेच बसून ठरवतं. मी आत असतो, पण मला मत नसतं. फर्निचरसारखा. त्या दिवशी फर्निचरने श्वास रोखून धरला होता. फार वेळ लागला नाही. तिघांचं एकमत झालं: सोडा.

पण हे लगेच सांगायचं नसतं. कारणांसकट लेखी निर्णय जातो, आठवड्याभरात. तोवर तोंडाला कुलूप. आणि त्या आडगावच्या स्टेशनात एकच फलाट, एकच बाक, एकच ट्रेन. फलाटावर जज्जसाहेब पेपर उघडून उभे, आणि बाकावर डोरीन.

तिने मला खूण केली. तिकडे ब्रिस्टलकडे अनोळखी माणसालाही फार जिव्हाळ्याने बोलवायची रीत आहे. ती मोठ्यांदा म्हणाली, "इकडे ये, माय लव्हर."

जज्जसाहेबांचा पेपर दोन इंच खाली आला.

"मॅडम, मला काही बोलता येत नाही," मी म्हटलं.

"मी कुठे विचारतेय? मला पलंगाचं विचारायचंय." तिने पर्समधून दुकानाचा कागद काढला. "सिंगल पलंग. सेल उद्या संपतोय. घेऊ का नको?"

माझ्या तोंडावर काय आलं असेल देव जाणे. ओठ आतून दाबून धरले, तरी कोपरे वर जायला लागले. मी म्हटलं, "मॅडम, मला जरा तिकडे जायचंय," आणि सरळ फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे छप्पर संपतं, तिथे पावसात जाऊन पाठ करून उभा राहिलो. ट्रेन येईपर्यंत वळलो नाही. जॅकेट परत भिजलं. पण मनात म्हटलं, गुप्ते, आज एवढं एक तरी काम नियमाप्रमाणे केलंस.

निर्णय वेळेवर गेला. पत्ता मी तपासला, मग कचेरीतल्या नवीन मुलीकडून तपासून घेतला, मग पुन्हा तपासला. त्यानंतर दोन-तीन दिवसांत कचेरीत फोन आला.

"मी डोरीन. पत्र मिळालं त्याला. थँक यू, माय लव्हर."

आता बोलायला हरकत नव्हती. "मॅडम, त्या दिवशी सांगता आलं नाही, माफ करा. तुमचा सेल हुकला असेल."

"हुकला कसला? दुसऱ्या दिवशी सकाळीच घेतला."

"पण मी तर काहीच बोललो नाही!"

"बोलायला कशाला हवं?" ती म्हणाली. "वीस वर्षांत बोर्डाचे नकारच आलेत, आणि ते सांगायला प्रोबेशनवाला घरी यायचा. नकार असला की माणूस जवळ येऊन बसतो, हात हातात घेतो, आवाज खाली आणतो. तू तर पावसात पळालास."

मग पलीकडून एकदम कामाचा आवाज आला.

"पण त्याला लवकर पाठव. दुकानवाले पलंग जिन्याखालीच टाकून गेलेत. तिसऱ्या मजल्यावर नेतो कोण?"